बारा फरश्यांच्या मुलुखाची हकीकत

पायताण बाहेर काढून, पाय पायपुसण्यास नीट पुसून आणि उंबरठ्यास नमन करून मगच लेखणी हाती धरिली आहे. अंबरनाथ पश्चिम येथील समस्त लहानथोर मंडळींचे सेवेसी लेखक ताबेदार याची अर्जी ऐसी जे, इसवी सन दोन हजार पंचवीस, चैत्र-वैशाखाचे संधीस, विहाराचे फरशीनिमित्त जे युद्ध जाहले, त्यात कोण लढले, कोण फितले, कोणाचे अंगठ्याचे नख गेले आणि अखेर फत्ते कोणाची जाहली, हे चहाच्या टपरीवर हर एक मनुष्य हर एक प्रकारे सांगतो, आणि व्हॉट्सॲपचे दरबारी तर ज्यास जे सुचेल ते लिहिले जाते, म्हणोन साद्यंत वर्तमान एके ठायी लिहून ठेवावे ऐसा आग्रह पडला. पूर्वीचे बखरकार थोर खरे. त्यांनी बुरुजांची उंची लिहिली, हत्तींची नावे लिहिली, मेजवानीस पंक्ती किती उठल्या तेही लिहिले. परंतु त्या महालांत फरशी कोणी बसवली आणि रोज कोणी पुसली, हे लिहिण्याची फुरसत त्यांस जाहली नाही. ती कसर येथे आमचे कुवतीप्रमाणे भरून काढितो.

प्रथम मुलुखाचे वर्णन. स्टेशनापासून पायी वीस मिनिटांचे मजलेवर, जुन्या कारखान्याच्या चाळी होत्या, त्यांचे मागील अंगास विहार आहे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर दोन-अडीच वर्षांत कामगार मंडळींनी तो पाळी सुटल्यावर स्वहस्ते बांधिला. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले, आणि फरशीपाशी घोडे अडले. तेव्हा एकेचाळीस कुटुंबांनी मसलत केली की देणगी कोणाकडे मागू नये, हर एक कुटुंबाने बारा फरश्या आपल्या कमाईतून विकत घ्याव्या आणि आपल्या हाताने बसवाव्या. मग सर्व मंडळी उल्हासनगरास कूच करून गेली. तेथे फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी शेटजींचा फरश्यांचा प्रेस होता, आणि रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या तेथून मुंबईचे बंगल्यांस रवाना होत, आणि ज्यांचा रंग पसरला, कोपरा उडाला, रेघ वाकडी गेली त्या बाजूस ढिगात पडत. त्या उतरलेल्या मालाच्या ढिगातून एकेका कुटुंबाने आपापल्या बारा निवडल्या, डोक्यावरून आणि हातगाडीवरून अंबरनाथास आणिल्या आणि चुन्यात बसवल्या. तीन आडव्या, चार उभ्या, म्हणजे एक मनुष्य मांडी घालून बसेल इतकी जागा. ऐशा चारशे ब्याण्णव फरश्या, एकेचाळीस नक्ष्या, आणि सभोवती लाल कोब्याची पट्टी, हा तो मुलूख.

रिवाज ऐसा पडला की वंदनेस ज्याने त्याने आपल्याच बारांवर बसावे. कुटुंब वाढले तर दाटीवाटीने बसावे, परंतु शेजारच्या नक्षीवर गुडघा जाऊ देऊ नये. लाल पट्टी पाहुण्यांची. सोयरीक जुळविताना आडनावाआधी नक्षी विचारली जाई, आणि ठोकळेवाले, वेलवाले, चांदणीवाले ऐशी घराणी त्यावरूनच ओळखली जात. दारावर देणगीदारांची संगमरवरी पाटी नाही. फरशी हीच पाटी, आणि ती वाचता येण्यास इतकेच लागे की मनुष्य तेथे बसलेला असावा.

आता भिमाबाईसाहेबांचे वर्णन. वय शहात्तर, कारखान्याच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त, अंगकाठी किरकोळ, आवाज तोफेचा. दर रविवारी सकाळी वंदनेपूर्वी विहाराची फरशी पुसण्याचे काम चाळीस वर्षे त्यांचेकडे चालत आलेले. त्यांस कोणी नेमले नव्हते, आणि म्हणोनच काढून टाकण्याची सोयही कोणास नव्हती. त्यांच्या बारा फरश्या राखाडी जमिनीच्या, वर आठ पाकळ्यांचे तांबडे फूल, पैकी तीन फुलांचा रंग पाकळीबाहेर वाहिलेला. चाळी पडल्या, तेव्हा बाईसाहेब चिखलोलीस सातव्या मजल्यावर चिरंजीवांचे फ्लॅटात राहावयास गेल्या. तेथे सर्व काही होते, लिफ्ट होती, गॅलरीतून दूरवर डोंगरही दिसे. पण अंबरनाथास त्यांचे म्हणावे ऐसे काही उरले असेल तर त्या बारा फरश्या.

युद्धाचे मूळ पाहता ते एक फुटका पाईप. विहाराचे खालून सांडपाण्याचा जुना पाईप गेला होता, तो झिरपू लागला, आणि मध्यभागी फरशी ओंजळीसारखी खचली, आणि कडेच्या फरश्या सुटून डुगडुगू लागल्या. जयंतीचे तयारीची बैठक चालू असता रामभाऊ, जे वयाने वडील आणि ठोकळेवाल्या घराण्याचे प्रमुख, ते चहाचा पेला घेऊन येत होते, त्यांचा पाय अडखळला, पेला गेला आणि उजव्या अंगठ्याचे नखही गेले. मग एकच कल्लोळ जाहला. कार्यकारिणीचे अध्यक्ष राजश्री विक्रांतराव यांनी तेथल्या तेथे ठराव मांडिला की ही फरशी काढून टाकावी आणि नवी चकचकीत व्हिट्रिफाइड बसवावी.

हे विक्रांतराव म्हणजे भिमाबाईसाहेबांचे एकुलते चिरंजीव. शत्रू आणि सेनापती एकाच छताखाली नांदतात, एकाच कुकरातले खातात, ऐसा प्रसंग मोठमोठ्या बखरींतही क्वचित आढळतो.

विक्रांतराव मनुष्य वाईट नव्हे. ऐरोलीस कंपनीत हुद्देदार, शिकलेला, पोरांसाठी विहारात अभ्यासिका काढणारा, मंडळींचे दाखले, फॉर्म, दवाखाने रात्रंदिवस सांभाळणारा. त्यांचे कॉलेजातील स्नेही भूपेशशेट, बदलापुरी कुळगावात राहणारे, ज्यांच्या वडिलोपार्जित भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत, त्यांनी टॉवरचे काम उरकून उरलेल्या तीस पेट्या विहारास फुकट देऊ केल्या, आणि बोलल्याप्रमाणेच करून तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून पाठविल्याही. त्या पेट्या ओसरीवर रचल्या गेल्या. तोफखाना वेशीशी येऊन उभा राहिला म्हणजे गडावर जी अवस्था होते ती भिमाबाईसाहेबांची जाहली.

परंतु बाईसाहेब डगमगल्या नाहीत. रविवारी सकाळी येऊन त्यांनी फरशी पुसिली, बादली दाराशी ठेविली आणि आपल्या बारांवर मांडी घालून बसल्या, त्या वंदना संपली, लोक पांगले, दुपार जाहली तरी उठल्या नाहीत. घरी तर त्याहून बिकट. चिरंजीवांशी अबोला धरिला, रसद मात्र तोडिली नाही, म्हणजे भाकरी, बोंबलाची चटणी सर्व वेळेवर ताटात येई, पण ताट ज्या आवाजाने ठेविले जाई त्यावरून युद्ध चालू आहे हे तळमजल्यावरच्या वॉचमनासही समजे. सूनबाई पायल दोन्ही पक्षांस चहा देत आणि कोणत्याही बाजूस चकार शब्द बोलत नसत.

मग बाईसाहेबांनी कुमक मागविली. शेजारच्या चांदणीवाल्या सुंदराबाई, ज्यांची हद्द बाईसाहेबांचे हद्दीस लागून, त्यांची भाची यशोधरा बदलापुरी राहते आणि मुंबईस जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करिते, म्हणजे लोक पाडावयास निघाले की ही वाचवावयास निघते. तिजला सुंदराबाईंच्या फोनवरून खलिता गेला. ती आली, चप्पल काढून आत शिरली, गुडघ्यांवर बसली आणि हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक फरशी ठोकून, कान खाली नेऊन तिचा आवाज ऐकू लागली. जी फरशी खाली घट्ट बसली ती टक् बोले, जी सुटली ती डब् बोले. दोन तास ऐसी तपासणी चालली, आणि समिती, मंडळी, खुद्द विक्रांतरावही पाहत उभे राहिले.

"फरशी मेलेली नाही," ती उठून म्हणाली, "खालची भर बसलीये. उचलू, पाईप बदलू, परत बसवू."

मग तह जाहला. कलमे येणेप्रमाणे: वैशाख पौर्णिमेपावेतो मुदत. तोपर्यंत सर्व फरश्या जागच्या जागी, एकेचाळीस नक्ष्या पुऱ्या, ऐशा बसल्या तर फरशी कायम. एकही नक्षी अपुरी राहिली तर भूपेशशेटांच्या पेट्या उघडाव्या. विक्रांतरावांनी सही केली. भिमाबाईसाहेबांनी चष्मा नाही म्हणोन सहीचे जागी नुसती मान हलविली, आणि ती सहीपेक्षा पक्की मानण्यात आली.

पुढे उल्हासनगरची मोहीम. फुटलेल्या फरश्या अडतीस भरल्या, आणि त्या नव्या कोण करणार हा प्रश्न पडला. तेव्हा बाईसाहेब, सुंदराबाई आणि यशोधरा ऐशा तिघी एक रिक्षा करून निघाल्या, आणि फर्निचरची दुकाने, जीन्सचे गठ्ठे आणि पापडांची वाळवणे ऐसा तो मातबर मुलूख तुडवीत, पत्ता विचारीत, हिंदी-मराठी-सिंधी मिळून जी एक भाषा तेथे चालते ती बोलत, जुन्या शेटजींच्या प्रेसाशी पोहोचल्या. शेटजी कधीच गेले. नातू मुकेशभाई गादीवर होते. धंदा आता पार्किंगच्या ठोकळ्यांचा, पण मागच्या खोलीत पितळेचे जुने साचे फडताळात ओळीने मांडलेले. बाईसाहेबांनी पिशवीतून आपल्या फरशीचा तुकडा काढून पुढे ठेविला. मुकेशभाई उठले, तिसऱ्या फळीवरून आठ पाकळ्यांचा साचा आणिला आणि तुकड्यावर ठेविला. रेघ रेघेस मिळाली.

"फेकायचा दिल नाही झाला, मावशी," मुकेशभाई म्हणाले. "डॅडी बोलायचे, कोणीतरी विचारायला येणार."

येथे एक तंटा उपस्थित जाहला तो लिहिणे प्राप्त. मुकेशभाईंनी चार दिवसांनी नमुना करून दाखविला, तो इतका बिनचूक की पाकळी सुरीने कापल्यासारखी. बाईसाहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि हुकूम केला की यात रंग थोडा पसरवून द्यावा, नाहीतर बाकीच्यांत शोभणार नाही. मुकेशभाई बहुत कष्टी जाहले. आजोबांनी जो माल शरमेने ढिगात टाकिला तोच मुद्दाम बनवावा, म्हणजे खानदानाची अब्रू ती काय राहिली? अखेर यशोधरेने निवाडा दिला की नवे ते नवे दिसावे, जुने ते जुने, त्यात लपवाछपवी करू नये. बाईसाहेबांनी तो मानिला, पण रिक्षेत बसल्यावर सुंदराबाईंस म्हणाल्या की पोराच्या हातात कसब आहे, दृष्टी नाही.

आता संकटाचे प्रकरण, आणि ते लिहिताना लेखणी अडखळते, कारण ते संकट शत्रूने आणिले नाही.

गवंड्यांनी फरश्या एकेक करून उचलल्या. यशोधरेने आधी फोटो काढिले, नकाशा केला, प्रत्येक फरशीच्या कडेवर आकडा घातला, आणि फुटक्यांचे जागी मुकेशभाईंकडून आलेल्या नव्या घालून एकेका कुटुंबाच्या बारा बारांच्या चवडी ओसरीवर मांडिल्या, बरोबर भूपेशशेटांच्या पेट्यांशेजारी. संध्याकाळी सर्व घरी गेले. भिमाबाईसाहेब मात्र ओसरीवर उभ्या राहिल्या. एका बाजूस शत्रूचा तोफखाना, दुसऱ्या बाजूस आपला मुलूख उघड्यावर, वर ना कुलूप ना पहारा. त्यांचे मनात आले की उद्या कोणी भंगारवाला आला, टेम्पो मागे घेताना चाक फिरले, किंवा समितीचे मनात आले, तर? मग त्यांनी कोणास न विचारता तीन फरश्या पिशवीत घातल्या, रिक्षा केली आणि चिखलोलीस नेऊन पलंगाखाली ठेविल्या. ऐशा चार खेपा केल्या. शहात्तर वर्षांच्या बाईने एका फरशीचे वजन दोन किलोच्या आसपास धरता एवढा पल्ला मारिला, यास पराक्रम म्हणावे की काय म्हणावे हे ठरत नाही.

चौथ्या खेपेस सुंदराबाईंनी पाहिले. त्यांनी घरून जावयास बोलाविले आणि आपल्या बारा उचलल्या. ते बनूबाईंनी पाहिले, ज्या वेलवाल्या. बनूबाईंनी बहिणीस फोन केला. रामभाऊ तर दुखऱ्या अंगठ्यावर लंगडत आले आणि ठोकळे रिक्षात भरून घेऊन गेले. ज्याने त्याने हाच विचार केला की भिमाबाईने नेल्या म्हणजे काहीतरी दगाफटका आहे खास. दोन दिवसांत एकेचाळीस चवडींपैकी एकही ओसरीवर उरली नाही. पेट्या तेवढ्या जागच्या जागी होत्या.

यशोधरा तिसऱ्या दिवशी पाईपवाला घेऊन आली आणि रिकामी ओसरी पाहून पायरीवरच बसली. "माझ्याकडे नकाशा आहे, फोटो आहेत," ती म्हणाली, "फक्त फरशी नाहीये."

भिमाबाईसाहेबांचे पायाखालची जमीन सरकली. सरकली म्हणजे खरोखरीच, कारण ती त्यांनी स्वतःच नेली होती.

पौर्णिमेस बारा दिवस राहिले. मग बाईसाहेबांनी कंबर कसली आणि परतमोहीम काढिली. प्रथम कुळगाव. तेथे एका घरी फरश्या काचेच्या शोकेसाखाली टीव्हीच्या दोन्ही बाजूंस मांडलेल्या, आणि पाहुण्यांस दाखवून आजोबांची गोष्ट सांगितली जात असलेली. दुसऱ्या घरी त्या गॅलरीत सिमेंटने पक्क्या बसवूनही टाकिल्या, का, तर आता विहाराचा काही भरवसा नाही. मग उल्हासनगर. तेथे बनूबाईंनी अतिप्रेमाने आपल्या वेलीस बाथरूमचे ॲसिड लावून घासले होते, म्हणजे मळ गेला आणि त्याबरोबर निळा रंगही बराच गेला. बनूबाई रडू लागल्या, तेव्हा बाईसाहेबांस त्यांची समजूत घालावी लागली. घरोघर जेवणाचा आग्रह, घरोघर चहा, घरोघर जुन्या आठवणी. फरश्या मात्र कोणी देईना. सर्वांचे उत्तर एकच, जणू आधी ठरवून ठेविलेले: "आधी तुमच्या येऊ द्या, भिमाबाई. मग आम्ही आणतोच."

बाईसाहेबांच्या बारा पलंगाखालीच होत्या. आपल्या बारा विहारात नेऊन टाकाव्या, आणि बाकीच्यांनी आणिल्या नाहीत, तर पौर्णिमेस नक्ष्या अपुऱ्या भरतील, पेट्या उघडतील, आणि आपल्या फरश्या पोत्यात भरून कोण कोठे टाकील कोणास ठाऊक. आणि न न्याव्या, तर कोणीच आणणार नाही, आणि पेट्या उघडतीलच. ऐशा कोंडीत त्या सापडल्या. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की म्हातारी हट्टास पेटली आहे. खरे पाहता ती घाबरली होती.

त्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव घरी आले आणि जमिनीवर आईशेजारी बसले. अबोल्यास तीन आठवडे जाहले होते. विक्रांतरावांनीच प्रथम तोंड उघडिले, आणि आवाज चढविला नाही.

"आई, तो उतरलेला माल आहे गं. शेटनं बाजूला टाकलेला. सगळी जिंदगी आपल्या वाट्याला उतरलेलंच आलं. पोरांच्या पायाखाली तरी फस्ट क्वालिटी नको का?"

हा वार वर्मी बसला. ताबेदार पक्षपाती आहे हे कबूल, तरीही लिहितो की हे बोलणे खोटे नव्हते, आणि बाईसाहेबांसही ते खोटे वाटले नाही. कुकरची शिटी जाहली, सूनबाईंनी गॅस बंद केला आणि त्या स्वयंपाकघराचे दारात उभ्या राहिल्या.

"उतरलेला हाय," बाईसाहेब म्हणाल्या. "पण तुझ्या आज्यानं विकत घेतलेला हाय. भूपेशचा माल लाख चांगला असंल. तो टॉवरात उरलेला हाय, आन् फुकट हाय. उरलेलं आन् फुकट, त्यासाठी नाय आम्ही गाव सोडलं."

विक्रांतराव काही बोलणार, तोच बाईसाहेबांनी हाताने थांबविले.

"गावाला लोक सांगतील तिथं बसायचं, नायतर उभंच राहायचं. मी लगीन होऊन आले, तवा सासऱ्यांनी विहारात नेलं आन् बोट करून दावलं, ही आपली. तेवढीच जमीन घेतली त्यांनी सगळ्या जन्मात. दोन फूट बाय अडीच फूट."

मग जेवणे जाहली. ताट मात्र त्या दिवशी हळू ठेविले गेले, ऐसे सूनबाईंचे सांगणे आहे.

दुसरे दिवशी प्रातःकाळी बाईसाहेबांनी नातवाचा फोन मागून घेतला आणि विहाराचे ग्रुपवर आवाजी फर्मान सोडिले. त्यातील मजकूर ऐसा की, पहिल्या फरश्या मीच नेल्या, कोणास विचारले नाही, ते चुकले, तुम्ही माझे पाहून नेल्या, तेव्हा दोष माझा, आज माझ्या बारा परत जात आहेत, पुढे ज्याची त्याची मर्जी. मग त्या पलंगाखालून फरश्या ओढू लागल्या. तोच विक्रांतराव ऑफिसचे कपडे घालून आले, बारा फरश्या दोन पिशव्यांत भरिल्या, दोन्ही हातांस एकेक घेतली आणि निघाले. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. कोणी म्हणतात मातोश्रींच्या बोलण्याने मन पालटले, कोणी म्हणतात म्हातारी सात मजले ओझे घेऊन उतरेल या भीतीने निघाले. दोन्ही कारणे लिहून ठेवितो. घामाने अध्यक्षांचा शर्ट पाठीस चिकटला होता आणि ऑफिसास उशीर जाहला, यात मात्र दुमत नाही. ओसरीवर पिशव्या ठेवून त्यांनी फोटो काढिला आणि ग्रुपवर खाली एवढेच लिहिले की आमच्या बारा आल्या.

मग काय विचारता. दुपारी सुंदराबाई चांदण्या मुलीच्या शालूत गुंडाळून घेऊन आल्या. रामभाऊ संध्याकाळी आले आणि आपण सकाळीच निघालो होतो, रिक्षा मिळाली नाही, ऐसे ज्याने विचारले नाही त्यासही सांगत सुटले. कुळगावच्या शोकेसवाल्यांनी आणिल्या, पण टीव्हीजवळचा त्यांचा फोटो आधी काढून घेतला. गॅलरीत पक्क्या बसविलेल्या काढण्यास मुकेशभाईंनी आपले दोन कारागीर पाठविले आणि बारांपैकी नऊ जिवंत हाती लागल्या, तीन नव्या पडल्या. बनूबाईंचा वेल फिकट तो फिकटच राहिला. त्यांस कोणी टोचून बोलले नाही. चार दिवसांत एकेचाळीस चवडी पुन्हा उभ्या राहिल्या.

पाईप बदलला, भर ठोकून घट्ट केली आणि बसवणी सुरू जाहली. घराघरातील माणसे ओसरीवर रांगेने बसून बोथट सुऱ्यांनी फरश्यांच्या पाठीचा जुना चुना खरवडीत, गप्पा मारीत, आपापल्या नक्षीची फुशारकी सांगत. यशोधरेचे हुकूम कडक होते: ॲसिड नाही, तारेचा काथ्या नाही, साबणही सौम्य, आणि सांधे पुरते वाळेपर्यंत पंधरा दिवस फरशीवर खुर्ची अथवा टेबल ठेवू नये, कारण पायांचा भार एके ठिकाणी पडतो. मनुष्याने मांडी घालून बसण्यास हरकत नाही. पौर्णिमेचे आदले दिवशी दिवेलागणीस शेवटची फरशी, ठोकळेवाल्यांची, जागेवर बसली. भिमाबाईसाहेबांनी सर्व मुलुखावरून ओला पोछा फिरविला आणि घरी गेल्या. भूपेशशेटांच्या पेट्यांचा बंदोबस्त ऐसा जाहला की त्या मागील अंगास संडास-बाथरूमाचे कामी रुजू जाहल्या, आणि तेथे खरोखर छान दिसतात. भूपेशशेट दिलदार मनुष्य, त्यांनी राग धरिला नाही आणि पौर्णिमेचे निमंत्रण स्वीकारिले.

आता फत्तेचा दिवस. वैशाख पौर्णिमेस सकाळी विहार भरला. ज्याने त्याने आपापली नक्षी शोधिली आणि वर बसला, आणि बरेच जण आधी हाताने चाचपून मग बसले. लाल पट्टीवर पाहुणे, म्हणजे मुकेशभाई, यशोधरेच्या ऑफिसातील दोघे आणि भूपेशशेट. विक्रांतरावांनी पुढे उभे राहून चार शब्द सांगितले, ते आम्ही लिहून घेतले नाहीत, कारण फरशीचे क्षेत्रफळ सोडता त्यात काही नव्हते. भाषण संपले आणि वंदनेची वेळ जाहली. अध्यक्षांस बसण्यास दरवेळी जी प्लास्टिकची खुर्ची असे, ती यशोधरेच्या हुकुमाने बाहेर होती. विक्रांतराव वर्षानुवर्षे त्या खुर्चीवरच बसत आलेले. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. चाळीस नक्ष्या भरलेल्या, आणि कोणी सरकेना, कारण दुसऱ्याच्या मुलुखात बोलाविण्याचा रिवाजच नाही. तेव्हा ते निमूटपणे लाल पट्टीकडे भूपेशशेटांशेजारी निघाले.

"तिथं पाहुणे बसत्यात," मागून आवाज आला.

विक्रांतराव थांबले. भिमाबाईसाहेब आपल्या बारांवर होत्या, त्या डावीकडे सरकल्या आणि सहा मोकळ्या केल्या. वर पाहिले नाही, हात केला नाही, नुसत्या सरकल्या. चिरंजीव आले, कंपनीच्या बुटांची सवय जडलेले पाय कसेबसे दुमडून मातोश्रींशेजारी त्या तांबड्या फुलांवर बसले. जागा तोकडी, मनुष्य धिप्पाड, त्यामुळे उजवा गुडघा चांदण्यांवर गेला. बाईसाहेबांनी तो पाहिला.

"पाय आत घे," त्या म्हणाल्या. "तिकडं सुंदराबाईचं हाय."

विक्रांतरावांनी पाय आत घेतला.

येणेप्रमाणे सरहद्द कायम जाहली. चतुःसीमा लिहितो: पूर्वेस सुंदराबाईंच्या चांदण्या, पश्चिमेस बनूबाईंचा फिकट वेल, उत्तरेस रामभाऊंचे ठोकळे, दक्षिणेस लाल पट्टी. मुलूख फरश्या बारा, पैकी सहा मातोश्रींचे ताब्यात, सहा चिरंजीवांचे, कब्जा उभयतांनी बसून घेतला, तकरार कोणाची नाही. मिती वैशाख शुद्ध पौर्णिमा, मुक्काम अंबरनाथ पश्चिम.